चार बोटं आखूड

हेमचंद्र खिरवडकर स्वतः चांगला ताडमाड उंच, पण त्याला आवड सगळ्या आखूड गोष्टींची. भाषण आखूड हवं, पंगतीतला श्लोक आखूड हवा, सदऱ्याची बाही आखूड हवी. त्याची बायको विनता म्हणायची, "ह्यांच्या हाती असतं तर ह्यांनी नर्मदाही ग्वारीघाटावरच संपवली असती." जबलपुरात, गढ्यातल्या त्यांच्या घरी येणारा-जाणारा या वाक्यावर हसायचा. हेमचंद्रही हसायचा, कारण याच आवडीनं त्याला नाव मिळवून दिलं होतं.

तो मोटरी आखायचा. पंख्याच्या किंवा पंपाच्या नव्हेत, होइस्टच्या. होइस्ट म्हणजे छताच्या गर्डरला टांगलेलं विजेवरचं उचलयंत्र. बटण दाबलं की साखळी वर सरकते आणि आकड्याला अडकवलेलं ओझं उचललं जातं. आता जबलपुरातले निम्मे कारखाने म्हणजे अडचणीत अडचण. खांबाला खांब लागलेला. यंत्र लांबलचक असलं की ते आधीच खांबाला धडकतं आणि कोपऱ्यातलं ओझं कोपऱ्यातच बसून राहतं. म्हणून जितकी मोटर आखूड, तितकं गिऱ्हाईक खूश. रिछईच्या औद्योगिक वसाहतीतल्या भय्यासाहेबांच्या कारखान्यात हेमचंद्र हेच काम करायचा. भय्यासाहेबांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत तलवारी बांधून इकडे आले होते; भय्यासाहेब साखळ्या विकत होते आणि त्यात सुखी होते.

या यंत्रात मोटर आणि गिअर यांच्यामध्ये एक क्लच असतो. दोन चकत्या, मध्ये खरखरीत अस्तर आणि मागून स्प्रिंगचा दाब. झेपेल तेवढं वजन असलं तर चकत्या एकमेकींना धरून फिरतात. कोणी हावरटपणानं दुप्पट ओझं लटकवलं की त्या घसरतात. मोटर नुसती फिरत राहते, पण जळत नाही आणि साखळी तुटत नाही. हेमचंद्र सांगायचा, "माझा क्लच म्हणजे सरकारी बाबू. कुवतीबाहेरचं काम आलं की हात वर!"

राहता राहिला ब्रेक. बटण सोडल्यावर ओझं अधांतरी थांबवायचं काम त्याचं. दुसरे कारखानदार एक ब्रेक मोटरीच्या शेपटाला देत आणि आणखी एक साखळीच्या बाजूला, गिअरपाशी. हा दुसरा ब्रेक ओझ्याच्या वजनानंच आवळला जातो. वजन जेवढं जास्त तेवढी पकड घट्ट. पण तो चार बोटं जागा खातो. हेमचंद्रानं तो सरळ काढून टाकला, क्लच मोटरीच्या पोटात ढकलला, आणि डालड्याच्या जुन्या डब्याएवढी मोटर तयार केली. भय्यासाहेबांनी ती दोन्ही हातांत धरून बाळासारखी जोजवली. नागपूरच्या प्रदर्शनात लोक टेप लावून मोजत होते आणि हेमचंद्र बाजूला उभा राहून, आपलं काही नाही अशा चेहऱ्यानं, कान देऊन ऐकत होता.

या सगळ्या कौतुकात मिठाचा खडा टाकला मैत्रेयीनं. ही मुलगी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडून त्याच्या हाताखाली लागली होती. घरी आजी-आजोबांचं मराठी कानावर पडलेलं, त्यामुळे कळायचं सगळं. बोलताना मात्र दर चार शब्दांनी हिंदीत पाय घसरायचा. एकदा चहाच्या वेळी, सगळे जमलेले असताना, ती नकाशा घेऊन आली.

"सर, एक डाउट आहे. ब्रेक मोटरला धरून राहिला, ठीक. लेकिन क्लच बीचमध्ये आहे ना? क्लच घसरला तर ब्रेक कोणाला धरणार? ओझं तर उस तरफ आहे."

"अगं, क्लच आखलाय कोणी? मी. घसरायचा नाही तो."

"पर सर," ती अगदी सरळपणानं म्हणाली, "क्लचचं कामच घसरणं आहे ना?"

कोणीतरी फस्सकन हसलं. ते हसणं हेमचंद्राला झोंबलं. तो म्हणाला, "मैत्रेयी, आधी मराठीत एक वाक्य धड पुरं करायला शीक. मग मला ब्रेक शिकव."

आता मात्र सगळे हसले. मैत्रेयीचा चेहरा लाल झाला. तिनं नकाशाची गुंडाळी केली आणि ती गेली. त्या दिवसापासून ती हेमचंद्राशी मराठीत एक अक्षर बोलली नाही. काम चोख, 'जी सर', 'हो गया सर', बस.

तिचं म्हणणं हेमचंद्राला कळलं नव्हतं असं कोणी समजू नये. ते त्याला पुरतं कळलं होतं, आणि म्हणूनच तो तसा बोलला. मुद्द्यात दम नसता तर त्यानं तिला शांतपणे समजावून सांगितलं असतं. पण तो मानायचा म्हणजे चार बोटं परत द्यायची, आणि त्या चार बोटांवरच तर त्याचं सगळं नाव उभं होतं.

रिछईतले बाकीचे कारखाने विश्वकर्मा जयंतीला यंत्रांची पूजा उरकतात. भय्यासाहेबांकडे मात्र मराठी रीत, खंडेनवमीची. पूजेचा मान अण्णा घाट्यांचा. अण्णा तोफांच्या सरकारी कारखान्यात हेमचंद्राच्या वडिलांबरोबर एकाच लेथवर पाळ्या बदलून राबलेले. वडील अचानक गेले तेव्हा हेमचंद्र शाळेत होता. अण्णांनी स्वतःचं घर सांभाळून त्याच्याही घरात लक्ष घातलं. त्याला हाती कानस कशी धरायची ते शिकवलं, इंजिनिअरिंगला घातलं, त्याच्या लग्नात वडिलांच्या जागी बसले. आता ते थकले होते, पण खंडेनवमीला परीटघडीचा सदरा घालून, कमानिया गेटच्या बाजारातून खव्याची जिलबी घेऊन, सकाळीच हजर.

पूजेत अण्णांची स्वतःची एक रीत होती. शेंदराचं स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ हे तर झालंच. त्यानंतर ते एक छोटी पितळी झारी काढायचे आणि प्रत्येक यंत्राला तिळाचं तेल पाजायचे. त्यांच्या काळच्या लेथला जागोजागी तेलाची भोकं असत आणि सणाच्या दिवशी ती आपल्या हातानं भरणं म्हणजे यंत्राला जेवू घालणं, असं ते लोक मानत. "आपण पुरणपोळी हाणून राहिलो, आन् यानं काय उपाशी राहायचं?" अण्णा म्हणायचे. यंत्राला भोक दिसलं की ते तेलाचंच, यात त्यांना कधी शंका आली नव्हती.

त्या वर्षी पूजेला कारखान्यातलाच एक नवा होइस्ट खाली उतरवून पाटावर बसवला होता. क्लचची गरमी बाहेर पडावी म्हणून हेमचंद्रानं त्याच्या पाठीवर एक भोक ठेवलं होतं. अण्णांनी कौतुकानं यंत्रावरून हात फिरवला, "वा रे हेमू, काय ठुसका गडी बनवला," म्हणाले आणि त्या भोकात झारीची चोच लावली. हेमचंद्र दोनच पावलांवर होता. पण त्याची पाठ तिकडे होती. जवळच्या पाटणहून आलेल्या एका गिऱ्हाइकाला तो हातवारे करून सांगत होता की यंत्र किती आखूड आहे.

दसरा झाला, देवीच्या मिरवणुका झाल्या, कारखाना पुन्हा सुरू झाला. होइस्ट गर्डरवर चढवला. श्रीकांत नावाचा फिटर त्याच्यावर बिडाचं एक धूड उचलत होता. वजन काही फार नव्हतं, यंत्राच्या ताकदीच्या निम्मंही नसेल. त्यानं ते गुडघाभर उचललं, बटण सोडलं, आणि खाली लाकडी ठोकळा सरकवायला पाय पुढे टाकला. ब्रेक लागलेला होता. मोटर जागची हलली नव्हती. आणि तरी ओझं खाली आलं. धाडकन नाही, साजूक तुपातून सुरी जावी तसं, आवाज न करता. श्रीकांतची किंकाळी ऐकून सगळे धावले तेव्हा त्याचा पाय घोट्यापासून खाली अडकलेला होता.

त्याला दवाखान्यात पोचवल्यावर यंत्र खोललं. क्लचचं अस्तर फिरताना पसरलेल्या तेलानं थबथबलेलं आणि तिळाचा खमंग वास. भय्यासाहेबांनी बोट लावून हुंगलं.

"ये तेल किसने डाला भाई? इथं तेल कोणी घातलं?"

अण्णा बातमी ऐकून ऑटोनं तसेच आले होते, दारात उभे होते. ते पुढे झाले. "मी घातलं, भय्यासाहेब. पूजेत."

 मग भय्यासाहेब हेमचंद्राकडे वळले. "तेलानंच झालं का रे हे?"

मैत्रेयी टेबलाच्या पलीकडे होती. ती त्याच्याकडे बघत राहिली. हेमचंद्रानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "क्लचमध्ये तेल गेल्यावर दुसरं काय होणार?"

यात खोटं काहीच नव्हतं. क्लच तेलानंच घसरला होता. पण क्लच घसरला तर ओझं आपल्या जागी थांबायला हवं, अस्तर झिजो, तेल जावो, स्प्रिंग मोडो, काहीही होवो. ते थांबलं नाही याचं कारण तेल नव्हतं. ते थांबवणारा ब्रेक हेमचंद्रानं स्वतः काढून फेकला होता. हे त्याला माहीत होतं, मैत्रेयीला माहीत होतं, आणि बाकी सगळे अण्णांकडे बघत होते. म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला, तेव्हा हेमचंद्राला वाटलं, आता बोलावं. पण आत्ताच बोललं पाहिजे असं वाटणारा माणूस पुढच्या क्षणी 'जरा वेळानं बोलू' म्हणतो, आणि तो वेळ काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली, 'पूजा में तेल का प्रयोग वर्जित है.' अण्णांच्या मानेला फास लावावा तशी ती पाटी दारासमोरच टांगली होती. हेमचंद्र रोज तिच्यासमोरून आत जायचा. त्यानं मान खाली घालून जायची सवय करून घेतली.

आणि मग आठवड्याच्या आतच, एका सकाळी, अण्णा त्याच्या घरी आले. हातात नारळ. विनतानं खुर्ची पुढे केली तर बसेनात.

"हेमू, मी माफी मागायला आलो," ते म्हणाले. "तू एवढं डोकं लावून यंत्र बनवलं. गावोगाव नाव झालं तुझं. आन् मी अडाण्यासारखं त्याच्यात तेल ओतलं. त्या पोराचा पाय गेला असता. तुझ्या नावाला बट्टा लागला तो वेगळा. तुझा बाप असता तर त्यानं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या."

एवढं बोलून त्या माणसानं, ज्यानं हेमचंद्राला कानस धरायला शिकवलं, त्याच्यापुढे हात जोडले.

 खरं सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. घरात परकं कोणी नव्हतं. समोर बापासारखा माणूस. एक वाक्य पुरेसं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं ते हे, "जाऊ द्या अण्णा. होतं असं कधी कधी."

अण्णांचे डोळे भरून आले. "तुझं मन मोठं आहे रे," ते म्हणाले आणि नारळ ठेवून गेले.

विनतानं तो नारळ उचलला. "फोडू का याची चटणी करायला?" तिनं विचारलं. हेमचंद्र तिच्यावर एवढ्या जोरात खेकसला की ती पाहतच राहिली. नारळ देवापाशी तसाच पडून राहिला, आतलं पाणी आटून खुळखुळायला लागला, पण त्याला हात लावायची हेमचंद्राची छाती झाली नाही.

माणसाला शरम वाटली की ती कुठून कुठून टोचते! दिवाळीत सगळा गढा उजळलेला आणि अण्णांच्या ओट्यावर अंधार. विनतानं चौकशी केली तर कळलं की अण्णांनी तेलाला हात लावणंच सोडलंय. घरात देवापुढचा दिवासुद्धा सूनच लावते. ते श्रीकांतला बघायला जायचे तर त्याची आई दारातूनच म्हणायची, "सो रहा है, अण्णाजी." तरी ते जायचे. मराठी मंडळात कोणी विचारलं-न विचारलं तरी स्वतःच सांगायचे, "माझ्यामुळं झालं ते. हेमूनं मोठ्या मनानं माफ केलं." आणि लोक हेमचंद्राकडे आदरानं बघायचे. त्या आदरापेक्षा कोणी जोड्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. वाटायचं, इतकंच. मार खायला तो काही पुढे होत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्यानं केली. गुपचूप नवा नकाशा काढला. साखळीच्या बाजूला, गिअरपाशी, ओझ्यानं आवळला जाणारा ब्रेक परत बसवला. बाजारात गेलेले सगळे होइस्ट 'मोफत सुधारणा' म्हणून परत बोलावले आणि त्यांनाही तो ब्रेक लावला. भय्यासाहेबांना सांगितलं की मोठ्या गिऱ्हाइकांना आजकाल दोन ब्रेक लागतात. मोटर चार बोटं वाढली. भय्यासाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण ते मानले.

नकाशा पक्का करायला त्यानं मैत्रेयीकडेच दिला. तिनं तो नीट पाहिला. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडला नाही. तिनं एवढंच विचारलं, "सर, अण्णाजी को कब बताएँगे?"

हेमचंद्र म्हणाला, "बघू."

"जी सर," ती म्हणाली.

त्या 'जी सर'वर त्यानं पुढची खंडेनवमी येईपर्यंत दिवस काढले.

त्या वर्षी अण्णा पूजेला येतच नव्हते. हेमचंद्र स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला. ते आले, रिवाज म्हणून जिलबीही आणली, पण पाटीखाली हात मागे बांधून उभे राहिले. श्रीकांत किंचित लंगडत फिरत होता. पूजा भय्यासाहेबांनी केली. हार झाला, नारळ झाला. मग हेमचंद्रानं नवा होइस्ट चालू केला, गेल्या वर्षीचं तेच बिडाचं धूड गुडघाभर उचललं, बटण सोडलं आणि त्याच्या बरोबर खाली पूजेचा एक नारळ ठेवला. श्रीकांत आपसूक मागे सरकला.

हेमचंद्रानं घोडी लावली आणि खिशातून तेलानं भरलेली पितळी झारी काढली. ती त्यानं अण्णांच्या सुनेकडून मागून आणली होती.

"अण्णा, वर चढा. मी धरतो तुम्हाला. या भोकात तेल घाला."

"वेडा झाला का बे?" अण्णांचा आवाज फाटला. "काहून माझी थट्टा करून राहिला?"

"थट्टा नाही. घाला."

"मी नाही घालत."

"अण्णा, तुमच्या पाया पडतो. एकदा घाला."

त्याच्या चेहऱ्याकडे बघून अण्णा घोडीवर चढले. निम्मं तेल बाहेर सांडलं. बाकीचं आत गेलं. हेमचंद्रानं बटण दाबलं. वर मोटर गुणगुणली, तेलकट क्लच आतल्या आत नुसता घसरत राहिला. ओझं वर गेलं नाही, आणि खालीही आलं नाही. त्यानं बटण सोडलं. ओझं होतं तिथेच होतं. नारळ शाबूत.

"बघा," हेमचंद्र म्हणाला. तो भय्यासाहेबांकडे नाही, अण्णांकडेच बघून बोलत होता. "क्लच तेलानं घसरला, तरी ओझं पडलं नाही. गेल्या वर्षीही पडायला नको होतं. ब्रेक जिथं हवा तिथं मी ठेवला नव्हता. चार बोटं वाचवायला काढून टाकला होता. मैत्रेयीनं मला आधीच सांगितलं होतं, मी तिला सगळ्यांसमोर गप्प बसवलं. श्रीकांतचा पाय तुमच्या तेलानं नाही मोडला, अण्णा. माझ्या नकाशानं मोडला."

भय्यासाहेब "अरे" म्हणून थांबले. श्रीकांत आपल्या पायाकडे बघत होता. हेमचंद्राला आत कुठेतरी वाटलं होतं की आता अण्णांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू येईल, ते त्याला कुशीत घेतील, आणि झालं गेलं नर्मदेला मिळेल. अण्णा घोडीवरून सावकाश उतरले. त्यांनी तेलाचे हात सदऱ्याला पुसले. परीटघडीच्या सदऱ्यावर डाग पडले.

"मी नारळ घेऊन तुझ्या घरी आलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"मी हात जोडले, तेव्हाही?"

"हो अण्णा."

"आन् तू मला म्हटलं, जाऊ द्या."

 हेमचंद्रानं मान हलवली.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. त्यांनी जिलबीचा पुडा सोडला आणि रिवाजाप्रमाणे एकेकाला वाटायला सुरुवात केली. आधी श्रीकांतला, त्याच्या पाठीवर हात ठेवून. मग भय्यासाहेबांना. मग मैत्रेयीला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांत शेवटी ते हेमचंद्रासमोर आले.

"घे," ते म्हणाले. "सणाचं आहे. पण मी काही तुला 'जाऊ द्या' म्हणणार नाही, हेमू. ते तुझ्यासारखं मला जमत नाही."

आणि ते घरी जायला निघाले. दाराशी श्रीकांतनं तोवर भिंतीवरची पाटी काढून खाली ठेवली होती, तिला वळसा घालून ते बाहेर पडले. हेमचंद्र जिलबी हातात धरून उभा होता. पाक बोटांवरून ओघळून आखूड बाहीपर्यंत आला तरी त्याला ती खाता येईना, आणि सगळे बघत असताना खाली ठेवताही येईना.